गॅरेजात जे फुकट मिळतं, त्याची फी कशाला?

बडोद्यात प्रतापनगरच्या माझ्या गॅरेजातल्या बाकड्यावर एरवी दोनच प्रकारची माणसं बसतात. एक, ज्यांची गाडी बिघडली आहे. दुसरी, ज्यांची चहाची वेळ झाली आहे. मे-जूनमध्ये तिसरा प्रकार सुरू होतो. नुकताच दहावी झालेला मुलगा, सोबत आई नाहीतर मामा, आणि हातात गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक. यंदा आल्या त्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यातल्या शेजारच्या वहिनी. पत्रकावर पांढरा कोट घातलेला मुलगा लॅपटॉप घेऊन लाल गाडीच्या बॉनेटवर वाकलेला. (पांढरा कोट! आमच्याकडे तो अकरा वाजेपर्यंत टिकला तरी सत्कार करीन.) खाली लिहिलेलं: ऑटोमोबाईल डिप्लोमा, दीड वर्ष, एक लाख ऐंशी हजार, हप्त्यांची सोय, शंभर टक्के नोकरी.

"भावजी, घालू का याला? कर्ज मिळतंय म्हणतात."

मुलगा मागे उभा राहून लिफ्टवरच्या गाडीच्या पोटाकडे बघत होता. आईपेक्षा त्याला सायलेन्सरमध्ये जास्त रस होता, ही चांगली खूण. मी वहिनींना लगेच उत्तर दिलं नाही. तीस वर्षं हा धंदा करूनही या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नव्हतं. त्या गेल्यावर रात्री कागद-पेन घेऊन बसलो, तेव्हा काही गोष्टी माझ्या मलाच स्पष्ट झाल्या. त्यातल्या काही माझ्या स्वतःच्या विरोधात जाणाऱ्या आहेत.

आधी हिशेब मांडतो, कारण आपल्या लोकांना हिशेब न मांडता मत दिलेलं आवडत नाही. एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, पाच वर्षं मुदत धरली तर हप्ता महिना ३,९०० च्या आसपास बसतो. एकूण फेड साधारण २ लाख ३५ हजार. दीड वर्षात कोर्स संपला, दुसऱ्याच दिवशी काम लागलं आणि मी नवख्याला देतो तेवढे चौदा हजार मिळाले, तर पुढच्या दीड वर्षात तो २ लाख ५२ हजार कमावेल. म्हणजे तीन वर्षांच्या शेवटी सगळी देणी वजा करून शिल्लक सतरा हजार.

सरकारी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. फी नाममात्र, बसचा पास आणि डब्यालाच जास्त खर्च येईल. त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला महिना किमान ७,००० विद्यावेतन द्यावं लागतं. म्हणजे तीन वर्षांच्या शेवटी हातात ८४ हजार आणि डोक्यावर कर्ज नाही.

तिसरा रस्ता सगळ्यात जुना. दहावीची सुद्धा वाट न पाहता थेट उस्तादाच्या हाताखाली. पहिले काही महिने चहा-नाश्ता आणि भाडं, मग पाच हजार, मग आठ, मग बारा. सरासरी नऊ धरली तरी तीन वर्षांत सव्वातीन लाखांच्या जवळपास. आता खरं सांगा, या तिन्हींत फायद्याचा सौदा कुठला? तीन वर्षांचंच पाहिलं तर सगळ्यात शहाणा तो, ज्याने काहीच शिक्षण घेतलं नाही! तरसाली किंवा वाडीच्या आतल्या गल्लीतला बाप मुलाला सोळाव्या वर्षी माझ्याकडे आणून सोडतो, तो अडाणी आहे म्हणून नाही. त्याला हा हिशेब पाठ असतो.

गंमत पुढे आहे. माझ्याकडे एक हात आहे, म्हणजे कारागीर, पंधरा वर्षांचा अनुभव. क्लच प्लेट तो डोळे मिटून बदलील. टप्पेटचा आवाज रस्त्यावरून येणाऱ्या गाडीत ओळखतो. पगार वीस हजार. त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेला दुसरा मुलगा बत्तीस हजार घेतो, आणि तो मागेल तर मी अजून दोन वाढवीन, फक्त हे त्याला कळू देत नाही. त्याचा पाना पहिल्याइतका सफाईदार चालत नाही. पण त्याला वीज कळते.

१ एप्रिल २०२० रोजी आपल्याकडे बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आलं. बीएस-फोरवरून एकदम सिक्स, मधला पाच गाळून. त्या दिवसापासून नव्या स्कूटरमधूनसुद्धा कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवू लागला. जिथे आम्ही स्क्रू अर्धा आटा फिरवून, कान लावून "हां, आता बरोबर" म्हणायचो, तिथे फिरवायला स्क्रूच उरला नाही. पूर्वीची गाडी आजारी पडली की आवाज करायची. आताची गाडी गप्प बसते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावते.

पंधरा वर्षांचा अनुभव तिथे कसा अडतो, ते एका गाडीवरून सांगतो. चेक इंजिनचा दिवा लागलेली एक हॅचबॅक आली. स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. माझा जुना हात म्हणाला, "काका, सेन्सर ज गयुं छे." बदलला. गिऱ्हाइकाचे साडेचार हजार गेले. दोन दिवसांनी गाडी परत, दिवा लागलेलाच. पुन्हा कोड तोच. तो म्हणाला, सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल. तेवढ्यात दुसऱ्या मुलाने मल्टिमीटर काढला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावलं आणि सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर एक व्होल्टच्या वर आकडा आला. जिथे जवळजवळ शून्य यायला हवं तिथे एक व्होल्ट, म्हणजे अर्थिंगची पट्टी आतून सडलेली. वरून इन्सुलेशन छान काळं कुळकुळीत, आत हिरवी भुकटी. शंभर-दीडशे रुपयांची पट्टी. सेन्सर बिचारा पहिल्यापासून शाबूत होता. त्याच्या आकड्यांना उभं राहायला जमीनच उरली नव्हती. साडेचार हजार मी गिऱ्हाइकाला परत केले.

जुन्या हाताला हे का जमलं नाही? तो मठ्ठ नाही. पंधरा वर्षांत त्याला कुणी फळ्यावर सर्किट काढून दाखवलं नाही. व्होल्टेज ड्रॉप म्हणजे काय, अर्थिंग खराब झालं की खोटे आकडे का येतात, हे नुसतं बघून-बघून कळण्यासारखं नाही. क्लच बघून शिकता येतो, कारण क्लच दिसतो. वीज दिसत नाही. ती कुणीतरी बसवून, शांतपणे, चुकलं तर परत पहिल्यापासून शिकवावी लागते, आणि गॅरेजात दुपारी बारा वाजता चार गाड्या उभ्या असताना उस्तादाकडे तेवढी शांतता नसते. माझ्याकडेही नसते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पान्याचं काम शिकायला फी भरू नये, कारण ते शिकवण्याचे पैसे गॅरेजच तुम्हाला देतं. फी भरायचीच तर ती जे गॅरेजात शिकायला मिळत नाही त्याची: वीज, मापन, निदान, सीएनजीची आणि आता बॅटरीच्या गाड्यांची सुरक्षितता. कुठलीही शाळा परवडते की नाही, हे याच एका कसोटीवर ठरवावं. पत्रकातला एक लाख ऐंशी हजारांचा कोर्स दीड वर्षातलं सव्वा वर्ष ऑइल बदलणं, ब्रेक खोलणं आणि टायर काढणं शिकवत असेल, तर तो मुलाकडून पैसे घेऊन त्याला माझं काम शिकवतोय.

सुरक्षिततेचं म्हटलं, कारण आमच्या गुजरातेत निम्मं शहर सीएनजीवर चालतं असं वाटावं इतके पंप आहेत. मागच्या डिकीतल्या त्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. स्कूटरच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज घ्या. त्याची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, करावी लागते. आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वायरींमध्ये तीन-चारशे व्होल्ट डीसी. या दोन गोष्टी उस्तादाच्या हाताखाली चुका करत शिकण्याच्या नाहीत. पहिली चूकच शेवटची ठरू शकते.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली, ते दिवस बडोदेकर विसरणार नाहीत. समा, अकोटा, मुजमहुडा, फतेहगंज, जिकडे तिकडे पाणी, सोसायट्यांमध्ये मगरी. लोकांना मगरींचं अप्रूप, आम्हाला गाड्यांची धास्ती. पाणी ओसरल्यावर आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. कुणाच्या सीटपर्यंत, कुणाच्या डॅशबोर्डपर्यंत चिखलाची रेघ. त्या पंधरवड्यात मी जितकं शिकलो आणि जितकं गमावलं, तितकं मागच्या पाच वर्षांत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायची नसते, हे आज कुणीही सांगेल. का करायची नसते, हे विचारा. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. पिस्टन वर येतो तेव्हा त्याला हवा दाबायची सवय असते, हवा दबते. पाणी दबत नाही. मग काहीतरी वाकणारच, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. एक सेल्फ मारला की पन्नास-साठ हजारांचं काम. तिसऱ्या दिवशी माझ्या एका हाताने, गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून, सेडानला सेल्फ मारला. ‘खट्’ असा एक आवाज झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो आता. नुकसान मी भरलं, हप्त्यांनी.

त्याच आठवड्यात आयटीआयचं दुसरं वर्ष संपवून नुकताच लागलेला एक मुलगा शेजारच्या गाडीवर होता. त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. डिपस्टिक काढून पाहिली, ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं. मग चारही प्लग काढले आणि क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. प्लगच्या भोकांतून चिखलाचं पाणी उडालं, त्याच्या शर्टवर, माझ्या शर्टवर. तो हसला. मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, "सरांनी कट मॉडेल दाखवलं होतं." कट मॉडेल म्हणजे उभं कापलेलं, लाल-निळ्या रंगाने रंगवलेलं जुनं इंजिन. जवळजवळ प्रत्येक आयटीआयमध्ये असतं, आणि आपण सगळे त्याची चेष्टा करतो, की अजून त्याच जुन्या इंजिनावर शिकवतात म्हणून. त्या दिवसापासून मी चेष्टा बंद केली. पिस्टनला वर जाताना जागा किती उरते, हे त्या मुलाने कधीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या हाताने ते हजार वेळा खोललं होतं, पण कापलेलं कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून आयटीआय म्हणजे स्वर्ग असं मी म्हणतोय, असं समजू नका. मी स्वतः तिथून शिकलो आहे, म्हणून माझ्या मनात कोपरा आहे, हे कबूल. पण भरतीसाठी मुलं तपासताना मला दिसतं की दर चारातल्या एकालाच मीटर नीट धरता येतो. करंट मोजायचा तर मीटर वायरच्या मध्ये जोडावा लागतो, हे तोंडी सांगणारे खूप. प्रत्यक्ष जोडायला दिला की बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवून मीटरचा फ्यूज उडवणारे त्याहून जास्त. शिक्षक चांगला असेल तर वर्ग चांगला, नसेल तर दोन वर्षं हजेरीची. खासगी संस्थांतून आलेल्या मुलांचंही हेच, फक्त त्यांच्या वडिलांचे पैसे गेलेले असतात.

खासगी म्हणजे सगळी फसवणूक, हेही खरं नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतः चालवलेल्या किंवा हात दिलेल्या शाळा आहेत. बंगळूरूजवळ बिदडीला टोयोटाची शाळा २००७ पासून चालू आहे. आपल्याकडे मेहसाण्याजवळ गणपत विद्यापीठात मारुती-सुझुकीने जपान-भारत करारातली संस्था २०१७ मध्ये काढली. अशा ठिकाणी प्रवेश मिळाला तर डोळे मिटून जावं. माझी तक्रार मधल्या थराबद्दल आहे: पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली एक जुनी हॅचबॅक, आणि पत्रकावर ‘डिप्लोमा’ हा शब्द. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा वेगळा आणि हा वेगळा, हे वहिनींना माहीत नव्हतं. का असावं? शब्द तोच. आयटीआय झाल्यावर आपल्या राज्यात ‘सी टू डी’ने सरळ पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथून ‘डी टू डी’ने इंजिनिअरिंगला. मधल्या थरातल्या कागदाने कुठेच जाता येत नाही, फक्त पुढच्या इंटरव्ह्यूला.

मग लोक ते का विकत घेतात? कारण फीमध्ये शिक्षणाशिवाय आणखी एक माल येतो. आपल्या मराठी घरांत, आणि बडोद्यातल्या गायकवाडी नोकरीच्या, मग बँकेच्या, मग एलआयसीच्या परंपरेतल्या घरांत तर विशेष, मुलगा ‘मेकॅनिक’ होतो हे सांगताना जीभ अडते. ‘ऑटोमोबाईल डिप्लोमा करतोय’ म्हणताना अडत नाही. एक लाख ऐंशी हजारांतले निदान साठ हजार त्या एका वाक्याचे आहेत, असं मी वहिनींना नंतर म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, "खरंय," म्हणाल्या, "पण मला ते वाक्य महिन्यातून दहा वेळा बोलावं लागेल, भावजी." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि याच शहरात आपण कलाभवनाचं कौतुक सांगतो! १८९० मध्ये सयाजीरावांनी ते काढलं, पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कापडाची रंगाई, यंत्रकाम, अशा गोष्टी शिकवायच्या, कारागिराच्या भाषेत शिकवायच्या, आणि खर्च दरबाराने करायचा. दादासाहेब फाळके इथे शिकले, हे पाहुण्यांना सांगताना आपली छाती फुगते. आपल्या पुतण्याला मात्र आपण रंगाईच्या वर्गात घातला नसता. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये झालं आणि कलाभवन त्याची अभियांत्रिकी विद्याशाखा बनलं. चांगलं झालं, हजारो इंजिनिअर बाहेर पडले. पण हे आपल्याकडे नेहमीच होतं, नाही का? हाताला काम शिकवणारी शाळा जरा नाव कमावते आणि लगेच पदवी द्यायला निघते. मग हाताला शिकवायचं कुणी, ही जागा पुन्हा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेत गुळगुळीत कागदाची पत्रकं येतात.

त्या काळच्या निर्णयातली मला महत्त्वाची वाटते ती शाळा नाही, पैसे कुणी भरले ही गोष्ट. रंगारी तयार झाल्याने फायदा रंगाऱ्याचा एकट्याचा नव्हता, संस्थानाचाही होता, म्हणून संस्थानाने पैसे घातले. आज चांगला मेकॅनिक तयार झाला तर फायदा कुणाचा? त्याचा, माझा, गाडी कंपनीचा, आणि धूर कमी झाल्याने रस्त्यावरच्या प्रत्येकाचा. मग कर्ज एकट्या वहिनींच्या नावावर का?

जर्मनीत हे काम साडेतीन वर्षांत शिकवतात. आठवड्यातले काही दिवस गॅरेजात, काही दिवस सरकारी शाळेत, आणि मुलाला पहिल्या महिन्यापासून पगार, तो गॅरेजमालकाच्या खिशातून. २००३ मध्ये त्यांनी मोटर मेकॅनिक आणि मोटर इलेक्ट्रिशियन हे वेगळे ट्रेड जोडून एकच केला, मेकॅट्रॉनिकर. माझ्या दोन हातांमधला फरक त्यांनी वीस वर्षांपूर्वीच पुसायला घेतला होता. उलट अमेरिकेत खासगी शाळेची फी तीस हजार डॉलरच्या पुढे जाते, वर स्वतःची हत्यारं स्वतः घ्यायची. पण तिथेही मेकॅनिकांची परीक्षा घेणाऱ्या एएसई या संस्थेचं प्रमाणपत्र नुसत्या परीक्षेवर मिळत नाही. दोन वर्षांचं प्रत्यक्ष काम लागतं, आणि शाळा केली असेल तर त्यातलं फार तर एक वर्ष माफ. दर पाच वर्षांनी परीक्षा पुन्हा. इतकी फी घेणाऱ्या देशातसुद्धा शाळेला कामाच्या निम्मीच किंमत आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

कंपनीच्या नावाला बांधलेल्या कोर्सबद्दल एक इशारा, तोही आपल्या दाराशीच पाहिलेला. हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना १९९६ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये त्यांनी भारतात गाड्या विकणंच बंद केलं. सर्व्हिस सेंटरमधली मुलं माझ्याकडे यायला लागली. हातात त्या एका कंपनीची प्रमाणपत्रं. ज्यांना त्या कंपनीचा स्कॅनर तेवढा येत होता ती अडली. ज्यांना वायरिंगचा नकाशा वाचता येत होता त्यांना पंधरा दिवसांत काम लागलं. सानंदला फोर्डनेही २०२१ मध्ये तेच केलं. कारखाना दुसऱ्याने घेतला, हालोलचाही घेतला, त्यामुळे शेड रिकाम्या राहिल्या नाहीत. पण प्रमाणपत्रावरचं नाव बदलून मिळत नाही.

मे २०२५ मध्ये केंद्राने एक हजार सरकारी आयटीआय सुधारायला साठ हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यात तीस केंद्राचे, वीस राज्यांचे, दहा उद्योगांचे. आकडा मोठा आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटते ती इमारतींची. दर्शनी काच, ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ची पाटी, आत एअर कंडिशनरखाली कुलूपबंद स्कॅनर. माझं मागणं साधं आहे: प्रत्येक तुकडीमागे बीएस-सिक्सची एक चालू गाडी, एक सीएनजीची, एक इलेक्ट्रिक, शिक्षकाने रोज सकाळी त्यात मुद्दाम एक बिघाड करून ठेवावा, आणि मुलांनी तो संध्याकाळपर्यंत शोधावा. परीक्षा तीच. लेखी पेपर घ्यायचा तर घ्या, माझी हरकत नाही.

आता माझ्या विरोधातलं. आपण गॅरेजवाले तावातावाने म्हणतो, की मुलं तयार मिळत नाहीत. पण तयार करतं कोण? अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं. चारपासून एकोणतीसपर्यंत असतील तर ऐच्छिक. माझ्याकडे सहा आहेत. म्हणजे मी घेऊ शकत होतो. राष्ट्रीय योजनेतून सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, १,५०० पर्यंत, भरतं. मी कधी घेतला नाही. कारण विचारलं तर कागदपत्रांचं कारण सांगितलं असतं. खरं कारण असं की गाड्या धुवायला, पार्ट रॉकेलमध्ये बुडवायला आणि चहा आणायला मला बिननोंदणीचा पोरगा स्वस्त पडत होता. दोन वर्षं धुवायला लावायचं आणि तिसऱ्या वर्षी पाना द्यायचा, हे माझ्याही बाबतीत झालं होतं, म्हणून तेच बरोबर असं मी धरून चाललो.

वहिनी पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या मुलाला मी तीन प्रश्न लिहून दिले आणि तिथेच बाकड्यावरून त्या संस्थेला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर. शिकवायला चालू स्थितीतल्या गाड्या किती आणि एका गाडीमागे मुलं किती? प्रमाणपत्र सरकारमान्य की तुमचं स्वतःचं? मागच्या तुकडीतल्या पाच मुलांचं आज काम कुठे आहे, त्यांच्याशी बोलता येईल का? पलीकडच्या बाईंचा आवाज गोड होता. "तुम्ही आधी काउन्सेलिंगला या, सगळं समजावून सांगतील." मुलाने पुन्हा विचारलं, गाड्या किती? "सर सांगतील." मुलाने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. वहिनींनी पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं. टाकलं नाही. एका फोनवर निर्णय करणारी बाई नाही ती.

मुलाने आयटीआयचा फॉर्म भरला आहे, मेकॅनिक मोटर व्हेइकल पहिली पसंती, इलेक्ट्रिक व्हेइकल दुसरी. मेरिटची यादी लागेपर्यंत तो रोज दुपारी गॅरेजात येतो. त्याला मी पार्ट धुवायला लावलेलं नाही. पहिल्या दिवशी मीटर हातात दिला. फ्यूज त्यानेही उडवला.

आणि मी अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर गॅरेजची नोंदणी करायला घेतली आहे. आमच्या रस्त्यावरच्या आणखी दोघांना विचारलं. एक तयार झाला. दुसरा हसला: "शीखवीने शुं फायदो? काले बीजे जतो रहेशे." जाईल की. मीही गेलो होतो. उस्तादांकडे दोन वर्षं, मग आयटीआय, मग एसटीच्या वर्कशॉपात वर्षभर अप्रेंटिस, आणि तिथून सुटल्यावर उस्तादांच्या गॅरेजपासून अर्ध्या किलोमीटरवर स्वतःचं दुकान टाकलं. वाटलं होतं, आता तोंड बघणार नाहीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्याकडे दोन गाड्या पाठवल्या, दोन्ही वायरिंगच्या. ते काम त्यांना येत नव्हतं.